सगळेच वायरमन

४ फेब्रुवारी

चि. ठमीस,

आशीर्वाद गृहीत धर. दर पत्रात नव्याने द्यायला लागले तर साठा संपेल, आणि तुझा एकंदर स्वभाव बघता तुला पुढे बरेच लागणार आहेत.

फोन न करता मेल लिहितेय, कारण फोनवर आपण मावशी-भाची एकदम बोलतो आणि ठेवल्यावर दोघींच्याही पदरात काही पडलेलं नसतं. शिवाय काम तुझ्या धंद्यातलं आहे.

तर, मी नाटक लिहिलं आहे. हसून घे, मग पुढे वाच. अख्खा जन्म कोर्टात लोकांची भांडणं टाइप करण्यात गेला. निवृत्त झाल्यावर वाचनालय चालवायला घेतलं, तरी बोटांची खाज जाईना. म्हणून या खेपेला भांडणं माझीच, माझ्या मनातली, टाइप केली. तीन अंक झाले. महिनाअखेरीला वाचनालयाचा वाढदिवस आहे, तेव्हा सभासदच ते करणार आहेत. प्रत्येक प्रवेशाची वेगळी फाइल आहे, साध्या मजकुराची, कारण नटव्या फाइली उघडायला सांगितल्या की माझा म्हातारा कॉम्प्युटर नाक मुरडतो.

गोष्ट सांगते. एक ग्रंथपाल बाई आहे, वय झालेली पण डोकं शाबूत. तिच्याशी लग्न करायला दोघं तयार आहेत, एक दाताचे डॉक्टर आणि एक वायरमन. शेवटी ती वायरमनला हो म्हणते आणि डॉक्टर छत्री विसरून निघून जातात. हे आता मला उलटं करायचं आहे. सगळ्या फाइलींत जिथे वायरमन आहे तिथे डॉक्टर व्हायला हवा आणि जिथे डॉक्टर आहे तिथे वायरमन. म्हणजे डॉक्टर जिंकतील आणि छत्री वायरमन विसरतील. मी हातानेच बदलायला बसले होते. तिसऱ्या प्रवेशात पोचले तोवर कोण कोणाला काय म्हणतंय ते माझं मलाच कळेना. तुम्ही लोक कॉम्प्युटरला चार शब्द सांगता आणि तो मुकाट ऐकतो म्हणे. माझं तर तो एक ऐकत नाही.

का बदलतेस हे विचारायचं नाही. वाचनालयासमोरच्या दवाखान्यातले आपले दाताचे डॉक्टर अध्यक्ष म्हणून पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्यांच्या तोंडावर डॉक्टरला नकार द्यायचा, हे बरं दिसत नाही. आपले वायरमन दिवे सांभाळणार आहेत, ते मागे स्विचपाशी असतील, त्यांना तिथे नीट ऐकूही येणार नाही. झालं कारण.

रविवारी पहिलं वाचन आहे. त्याआधी हवं.

तुझी मावशी


५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

हसून घेतलं, मग वाचलं, मग परत हसले. ऑफिसात समोर साहेब तक्त्यावर काहीतरी समजावत होते. त्यांना वाटलं मला विषयाची गोडी लागली.

तुझं काम म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ आहे. सोबत एक स्क्रिप्ट पाठवतेय. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला दिलेली चिठ्ठी, दुसरं काही नाही. त्यात दोनच ओळी आहेत. पहिली सांगते, वायरमन दिसला की त्याचा डॉक्टर कर. दुसरी सांगते, डॉक्टर दिसला की त्याचा वायरमन कर. ही चिठ्ठी नाटकाच्या फोल्डरमध्ये ठेव आणि तिच्यावर दोनदा टिचकी मार. ती एकेक फाइल उघडेल, जागच्या जागी बदलेल आणि बंद करेल. पापणी लवायच्या आत तिन्ही अंक होतील.

एक लक्षात ठेव. जागच्या जागी बदल म्हणजे कोणी सोफ्यावर बसलेलं असतानाच सोफ्याची खोळ बदलणं. चुकून माणूसच आत शिवला जायचा. म्हणून बदलण्याआधी ती प्रत्येक फाइलची एक नक्कल तिथेच करून ठेवते, नावापुढे ‘जुनी’ लावून. त्यांना हात लावू नकोस.

आता का ते विचारत नाही, फक्त जे दिसलं ते मोठ्याने बोलते. नाटकात ग्रंथपाल बाई, आणि नाटक लिहिणारी वाचनालय चालवते. नाटकात दाताचे डॉक्टर, समोरच्या दवाखान्यात दाताचे डॉक्टर. नाटकात वायरमन, स्विचपाशी वायरमन. तुझी कल्पनाशक्ती घराच्या फार लांब जात नाही, एवढंच माझं निरीक्षण.

आणि परवा आई फोनवर म्हणाली, “मावशीचं यंदा फार चांगलं होणार आहे बघ,” आणि एकटीच हसत बसली. आईला नाटकातलं ओ की ठो कळत नाही, तरी एवढी खूश. म्हणजे नाटक उत्तमच असणार.

तुझी (कामात असलेली)
ठमी


९ फेब्रुवारी

ठमे,

डाव्या हाताचा मळ म्हणालीस ना, तो तसाच माझ्या नाटकाला लागला आहे.

क्रमाने सांगते, नाहीतर पुन्हा हसू येईल आणि टाइप करता येणार नाही. शनिवारी मी तुझ्या चिठ्ठीवर दोनदा टिचकी मारली. पडदा एकदा लुकलुकला आणि काम झालं. मला इतका आनंद झाला की मी कॉम्प्युटरच्या डोक्यावरून हात फिरवला. मग फोल्डर बघते तर फाइली दुप्पट झालेल्या, प्रत्येकीच्या शेजारी तिचं जुनं भूत बसलेलं. तू हात लावू नकोस म्हणाली होतीस, मान्य आहे. पण पसारा दिसला की माझा हात मला विचारून पुढे होत नाही. सगळ्या ‘जुनी’ निवडल्या, पुसल्या, आणि कचरापेटीही रिकामी केली, कारण कचरा घरात साठवून ठेवणाऱ्यांतली मी नव्हे. नंतर छापून प्रती काढल्या. वाचून बघितलं नाही. तुझ्यावर विश्वास होता.

रविवारी सगळे जमले. बँकेतले कॅशियर वायरमनचं काम करणार, रिटायर पोस्टमास्तर डॉक्टरचं, आणि नर्सबाई ग्रंथपाल. पडदा उघडला असं समजून आम्ही सुरुवात केली. कॅशियरनी पहिलं वाक्य वाचलं. त्यावर उत्तर द्यायचं ते पोस्टमास्तरांनी, पण ते पानं उलटतच राहिले. त्यांचं नाव कुठेच नव्हतं. अगं, अख्ख्या नाटकात एकही डॉक्टर उरलेला नाही. जिकडे तिकडे वायरमन. कॅशियर बिचारे स्वतःला प्रश्न विचारत होते आणि स्वतःच उत्तरं देत होते. दुसऱ्या अंकात त्यांना धाप लागली.

तुला दोन नमुने देते. एक: “दाताचे वायरमन खुर्चीत बसलेल्या वायरमनना म्हणतात, आ करा.” दुसरा शेवटच्या प्रवेशातला: “वायरमन, तुम्ही सज्जन आहात, पण माझं मन वायरमनांवर जडलं आहे. (वायरमन वायरमनकडे रागाने बघतात आणि छत्री विसरून निघून जातात. वायरमन तिचा हात हातात घेतात.)”

पोस्टमास्तर म्हणाले, “मी मग मधल्या वेळात टपाल वाटू का?” नर्सबाई म्हणाल्या, “दोन्हीकडून मला हाच मिळणार असेल तर मधले दोन अंक कशाला घालवायचे? पहिल्यातच उरकून टाकू.” यावर मला जे हसू फुटलं ते आवरेना. मी, वाचनालयात, ‘शांतता राखा’ या पाटीच्या खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

आपले वायरमन शिडीवर चढून दिवा बसवत होते. तेही वरच हसत राहिले, शिडी हलायला लागली म्हणून कॅशियरनी जाऊन धरली. मग वरूनच विचारतात, “बाई, यात नकार मिळतो तोही मलाच, आणि लग्न होतं तेही माझंच. मग दिवे कोण लावणार?” खाली उतरल्यावर एक प्रत घरी वाचायला मागून घेतली. हा माणूस कधी पुस्तक नेत नाही बरं का.

ते सगळं असो. मला माझं नाटक परत हवं. पोस्टमास्तर रुसले आहेत आणि कार्यक्रमाच्या पत्रिका छापायला गेल्या आहेत. हे कसं झालं आणि कसं निस्तरायचं ते ताबडतोब कळव.

मावशी


१० फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मोठ्याने वाचून दाखवलं. तीही आता कामातून गेली आहे. “दाताचे वायरमन” हा आमच्याकडे कालपासून शब्दप्रयोग झाला आहे. जे आपलं काम नाही ते कोणी करायला गेला की आम्ही त्याला तसं म्हणतो.

चूक माझी आहे, आणि इतकी बाळबोध आहे की ऑफिसात कोणाला कळली तर मला पहिल्या दिवसाचं शिक्षण पुन्हा देतील. पहिल्या ओळीने सगळ्या वायरमनांचे डॉक्टर झाले. त्या क्षणी नाटकात सगळेच डॉक्टर होते, मूळचे आणि नवे, एकात एक मिसळून. मग दुसरी ओळ आली आणि तिने त्या सगळ्यांना उचलून वायरमन केलं. असं समज की एका डब्यात मीठ आहे, दुसऱ्यात साखर, आणि तुला अदलाबदल करायची आहे. मी मीठ सरळ साखरेच्या डब्यात ओतलं आणि मग म्हटलं, चला, आता साखर काढा. अदलाबदल करायला तिसरा, रिकामा डबा लागतो. हे स्वयंपाकघरात मला कधीच सांगावं लागत नाही, कॉम्प्युटरपुढे बसलं की अक्कल बाहेर ठेवून येते मी.

‘जुनी’ फाइली असत्या तर क्षणात सगळं मागे आलं असतं. तू कचरापेटीसुद्धा रिकामी केलीस हे वाचून मी थोडा वेळ भिंतीकडे बघत बसले. आता एकच उपाय आहे. सगळं नाटक हाताने वाच आणि जो वायरमन मूळचा डॉक्टर होता त्याला पुन्हा डॉक्टर कर. कॉम्प्युटरला ते ओळखता येणार नाही, त्याला सगळे सारखेच. ओळखू शकशील ती तूच. तेवढं झालं की सोबतची नवी स्क्रिप्ट चालव. हिच्यात तीन ओळी आहेत. वायरमनचा आधी ‘तिऱ्हाईत’ होतो, मग डॉक्टरचा वायरमन होतो, मग तिऱ्हाईताचा डॉक्टर. तिऱ्हाईत म्हणजे रिकामा डबा. आणि चालवण्याआधी अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घे, पेनड्राइव्ह कपाटात ठेव आणि कपाटाची किल्ली नर्सबाईंकडे दे.

आता दुसरं. आईकडून काढून घेतलं मी. फार काढावंही लागलं नाही, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुलाही माहीत आहे. समोरच्या डॉक्टरांनी तुला लग्नाचं विचारलंय. आणि तू म्हणालीस, नाटक होऊन जाऊ दे, मग सांगते. आणि आई धरून चालली आहे की तुझा होकार आहे.

मावशी, मी इतके दिवस समजत होते की तू नाटकातला नवरा बदलतेयस. तू खरंच हो म्हणणार आहेस का?

ठमी


१७ फेब्रुवारी

ठमे,

आठवडा लावला उत्तराला. रागावले नव्हते, सुचत नव्हतं.

हो, विचारलं आहे त्यांनी. सभ्यपणे, दवाखाना बंद झाल्यावर, हात धुऊन. आणि माणूस चांगला आहे ग. स्वतःचं घर आहे, बोलणं मऊ, कोणाची उसनवारी नाही, कोणाबद्दल वाईट बोलणं नाही. तुझी आई म्हणते, तुझ्या वयात असं स्थळ चालून येत नाही, आता तरी शहाणी हो. ताईचं चुकतं कुठे ते मला दाखवता येत नाही. माझं लग्न राहून गेलं त्याला कारण असं काही नव्हतंच. आधी बाबांचं आजारपण, मग कोर्ट, मग सवय. एकटीने जेवायला बसण्याची सवय होते, पण ती आवडत नाही. हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. तेव्हा म्हटलं, हो म्हणावं. आणि हो म्हणायचं तर नाटकात डॉक्टरला छत्री विसरायला लावून कसं चालेल? ते मी त्यांनी विचारायच्या आधी लिहिलं होतं. म्हणून तुझ्या मागे लागले.

आता नाटकाचं ऐक. तू म्हणालीस तसं प्रत्येक वायरमनला थांबवून विचारत गेले, बाबा रे, तू मूळचा कोण? मला वाटलं होतं गोंधळ उडेल. कुठेच उडाला नाही. जो पाय पुसून आत येतो आणि आल्या आल्या सल्ला देतो, तो डॉक्टर. जो वस्तू खाली ठेवायला जागा शोधत उभा राहतो, तो वायरमन. एका दिवसात संपलं. पेनड्राइव्ह कपाटात ठेवला, किल्ली नर्सबाईंकडे दिली. त्यांना वाटतंय आत दागिने आहेत. मग तुझा तिऱ्हाईत चालवला. या खेपेला आधी वाचलं, मग छापलं. अदलाबदल अगदी बिनचूक झाली आहे. तुझं कौतुक.

आणि तरी सगळं चुकलं आहे.

नावं बदलली ग, कामं नाही बदलली. आता डॉक्टर शिडीवर चढून फ्यूज घालतात आणि वायरमन नर्सबाईंची दाढ उपटतात. पोस्टमास्तरांना हे कळल्यावर त्यांचा रुसवा गेला, म्हणाले, मला शिडी चालेल. त्यांचे संवाद जरा लांबले होते ते मी आखूड केले, नर्सबाईंचंही एक भाषण कापलं. मग म्हटलं, आता कामंही बदलून टाकू, त्याला काय लागतं. बसले लिहायला.

दुसऱ्या अंकात एक प्रवेश आहे. वाचनालय बंद करायच्या वेळेला दिवे जातात. बाईचं पुस्तक संपायला थोडीच पानं उरलेली असतात, ती खिडकीपाशी जाऊन वाचायला बघते. वायरमन येतात. आधी फ्यूज बघायचा सोडून ते शेजारच्या दुकानातून लांब वायर ओढून आणतात, तिच्या टेबलावर एक दिवा लटकवतात, आणि मगच आपल्या कामाला लागतात. काम संपवून तिथेच उभे राहतात, तिचं शेवटचं पान होईपर्यंत. मग विचारतात, “बाई, पुढे काय झालं?”

हे घडलेलं आहे. मी शोधून काढलेलं नाही. तेव्हापासून ते आले की मी वाचलेल्या पुस्तकाचा शेवट विचारतात. आधीचं काही नको, फक्त शेवट. मी सांगते. ते पक्कड हातात धरून ऐकतात. मला कोणी कधी विचारलं नव्हतं ग, पुढे काय झालं म्हणून.

हा दिवा मला डॉक्टरांच्या हातात द्यायचा होता. काल सबंध दुपार तेच करत होते. डॉक्टर येतात, बाई खिडकीपाशी वाचतेय. आणि मी काहीही केलं तरी माझे डॉक्टर म्हणतात, “कमी उजेडात वाचू नये, डोळ्यांना वाईट.” बरोबरच म्हणतात. खरे डॉक्टरही हेच म्हणाले असते, माझ्या भल्यासाठी. कागदावर पाच वेळा लिहिलं आणि पाच वेळा त्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

तुझ्या त्या पहिल्या, बिघडलेल्या स्क्रिप्टचं आठवतंय ना? सगळेच वायरमन झाले होते. मी इतकी का हसले ते मला काल कळलं. पोस्टमास्तरांना आपले डॉक्टर सापडेनात, पण वाचून संपलं तरी मला कुठे त्यांची उणीव भासली नव्हती.

ताईला काय सांगू? आणि वायरमननी तर मला काही विचारलेलंच नाही, शेवट सोडून. हो म्हटलं तर घर मिळतं, नाही म्हटलं तर काही मिळेलच असं नाही. या वयात हे असं शाळकरी मुलीसारखं झुरत बसणं शोभत नाही. तुझ्याकडे याची स्क्रिप्ट आहे का?

मावशी


१८ फेब्रुवारी

माझी लाडकी वेडी मावशी,

आहे. तुझ्याकडेच आहे.

तीच तीन ओळींची चिठ्ठी पुन्हा एकदा चालव. तिचा गुणच तो आहे, एकदा चालवली की अदलाबदल होते, दुसऱ्यांदा चालवली की जो तो आपापल्या जागी परत. कपाटातली नक्कल काढू नकोस, तिच्यात तू कापलेली भाषणं पुन्हा लांबलेली सापडतील आणि नर्सबाई जिवानिशी जातील. पुन्हा दोनदा टिचकी मार. शिडी ज्याची त्याला मिळेल, दाढ ज्याची त्याला. दिवाही.

आईचं मी बघते. ती दोन दिवस बोलणार नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून तासभर बोलेल. आजवर तिने अबोला तिसऱ्या दिवसापुढे नेलेला नाही.

डॉक्टरांना मात्र तूच सांग, आणि नाटकाच्या आधी सांग. पहिल्या रांगेत बसून ते कळायला नको त्यांना. चांगला माणूस आहे म्हणतेस, मग एवढं त्याचं देणं लागतेस.

वायरमननी विचारलं नाही, हे तू खरंच लिहिलंस? अगं, जो माणूस पुस्तक नेत नाही तो तुझं नाटक घरी वाचायला घेऊन गेला. कोर्टात इतकी वर्षं साक्षी टाइप केल्यास आणि एवढी साक्ष तुला पुरत नाही?

एकटीने जेवायचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्यावर काही लिहीत नाही, समोर आलीस की मिठी मारीन.

ठमी


३ मार्च

चि. ठमीस,

नाटक झालं. बस नीट, सांगते.

आधी डॉक्टर. तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी दवाखान्यात गेले. तिथे बसायला पेशंटची खुर्ची सोडून दुसरं काही नव्हतं, म्हणून तिच्यातच बसले. त्यांनी सवयीने ती मागे केली आणि सवयीनेच माझ्या तोंडावर दिवा लावला. मी तशीच, आडवी, छताकडे बघत म्हणाले, “डॉक्टर, माझं उत्तर नाही असं आहे.” ते म्हणाले, “चूळ भरा.” खरंच सांगते. आणि मी चूळ भरली. नंतर त्यांनी दिवा बंद केला आणि म्हणाले, “मला अंदाज होता. माझ्यासमोर तुम्ही कधी पोटभर हसला नाहीत. मी समजत होतो दातांमुळे लाजता. पण दात तर छान आहेत तुमचे.” मला फार वाईट वाटलं ग. रस्ता ओलांडून वाचनालयात आले आणि कपाटाआड उभी राहून रडले. मग फोल्डर उघडून तुझ्या चिठ्ठीवर दोनदा टिचकी मारली.

तरी ते नाटकाला आले, पहिल्या रांगेत बसले. पोस्टमास्तर छत्री विसरून निघाले तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. आणि नाटक संपल्यावर त्यांच्या खुर्चीला त्यांची स्वतःची छत्री अडकवलेली सापडली. विसरले की मुद्दाम ठेवली, मी विचारलं नाही. परत द्यायला गेले तर म्हणाले, सहा महिन्यांनी दात दाखवायला या.

आता दिवे. वायरमननी वाचलेली प्रत सगळे वायरमन असलेली. खरं नाटक काय आहे ते त्यांना ठाऊकच नव्हतं. तालमींच्या वेळी मी त्यांना काही ना काही आणायला बाहेर पाठवत होते, तुला हसायचं तर हस. टेबलावरच्या दिव्याचा प्रवेश आला तेव्हा मी विंगेतून मागे बघितलं. ते उभे राहिले होते. शेवटी नर्सबाई कॅशियरना म्हणाल्या, माझं मन वायरमनांवर जडलं आहे, आणि हात पुढे केला. इथे अंधार व्हायचा होता. झाला नाही. दोघं हातात हात घेऊन उभेच, हसून हसून त्यांचे गाल दुखायला लागले. लोक टाळ्या वाजवून दमले. मग एकेक जण मान वळवून मागे बघू लागला. स्विचवर हात ठेवून आपले वायरमन उभे होते आणि रंगमंचाकडे बघतच नव्हते. विंगेत माझ्याकडे बघत होते. अखेर पोस्टमास्तर आतून ओरडले, “अहो वायरमन, दिवा.” त्यावर स्टेजवरून कॅशियर आणि मागून हे, दोघांनीही ओ दिली.

सगळे गेल्यावर ते वायर गुंडाळत होते. गुंडाळून झाली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग विचारलं, “बाई, पुढे काय झालं?”

मी म्हटलं, “पुढे दोघांचं जमलं.”

“नाटकातल्यांचं?”

“नाटकातल्यांचं तर तुम्ही बघितलंत.”

त्यांनी गुंडाळलेली वायर पुन्हा सोडली. मग म्हणाले, “माझ्याकडे ती आधीची प्रत आहे. मला तीच बरी वाटली होती. तीत कुठलंही पान उघडा, मीच होतो. जीव टांगणीला लागत नव्हता.” मी म्हटलं, ती प्रत माझ्या भाचीने लिहिली आहे, तिला तुमचा निरोप कळवते. तो हा कळवला.

मी आनंदात आहे, ठमे. इतकी, की काल तीन सभासदांना चुकीची पुस्तकं दिली आणि तिघंही काही न बोलता घेऊन गेले. ताई तिसऱ्या दिवशी बोलली, तुझ्या शब्दाला जागली. पाहुणे किती ते विचारत होती, आवाजात अजून जरा राग होता.

लग्न पुढच्या महिन्यात, वाचनालयातच. ते माझ्याकडे राहायला येणार आहेत. काल स्वयंपाकघर बघायला आले आणि मला बसवून चहा स्वतः केला. त्यांच्याकडे साखर डाव्या हाताला असते आणि मीठ उजव्या, माझ्याकडे नेमकं उलटं. त्यांनी हात सवयीने घातला. मी एक घोट घेतला आणि त्यांच्याकडे बघितलं. ते दोन्ही कपांतला चहा निम्मा होईपर्यंत मुकाट्याने बसले होते, मग म्हणाले, “खारट झालाय का हो?” आम्ही पोटभर हसलो. माझे सगळे दात दिसले असतील.

तेव्हा डब्यांची अदलाबदल करायला हवी. चार दिवस आधी ये. आणि येताना एक रिकामा डबा घेऊन ये.

तुझी मावशी